बोनकोड्यातला धक्का

माझं लग्न गाडीचा टायमिंग बेल्ट तुटल्यामुळे ठरलं, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा फेकतोय. मी फेकत नाही. तो बेल्ट त्या रविवारी, त्या गल्लीत, बरोबर त्याच मिनिटाला तुटला नसता तर माझी बायको आज जासईला दुसऱ्या कुणाच्या घरी सुखाने नांदत असती, आणि मी जुईनगरच्या आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, आईने वाळत घातलेल्या पापडांवरून कबुतरं हाकलत बसलो असतो. नुसत्या कल्पनेने अजून अंगावर काटा येतो आणि पाठोपाठ हसू येतं.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं, म्हणजे ओघाने आप्पांबद्दल आलंच. आप्पा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीतून निवृत्त होता होता त्यांनी एक छोटी पांढरी पेट्रोल गाडी घेतली. शोरूममधून आली तेव्हा सीटवर प्लॅस्टिकची कव्हरं होती. ती त्यांनी काढलीच नाहीत. उन्हाळ्यात त्यांना पाठ चिकटायची, उठताना चर्रर्र असा आवाज यायचा आणि पावसाळ्यात वळणावर माणूस या दारापासून त्या दारापर्यंत घसरत जायचा. "सीट खराब होत नाहीत," असं आप्पा म्हणायचे. होणार कशा? त्यांच्यावर बसतंय कोण! गाडी बाराही महिने पार्किंगमध्ये राखाडी आच्छादनाखाली झोपलेली. दर रविवारी सकाळी साडेसातला आप्पा आच्छादन काढायचे, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे, डॉक्टरसारखा बोनेटला कान लावायचे, समाधानाने मान हलवायचे आणि तिला परत झाकून वर येऊन पोहे खायचे. एकदा मी मागच्या सीटवर बुटासकट पाय घेतला होता, तर त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

मीही तसाच होतो, हे कबूल करतो. वय चौतीस, तब्येत उत्तम, वापर अत्यल्प.

बेलापूरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर ती बसायची. बोनकोड्याची. कोपरखैरण्याच्या आखीव सेक्टरांच्या मधोमध ते गाव आपल्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांसकट अजून ठाण मांडून बसलंय. तिच्या आजोबांच्या काळात त्यांची भातशेती होती. शेती गेली, चार मजली घर उभं राहिलं, खालचे दोन मजले भाड्याने, वर सगळं खटलं. आमचं जमलं ते डब्यातल्या चटणीवरून. तिच्या सुकटीच्या चटणीने माझे डोळे भरून आले आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली.

घरी सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "बघू."

आप्पांचं 'बघू' हे काय प्रकरण होतं, ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. ते नाही म्हणत नसत. चिडत नसत. फक्त बघू म्हणत आणि वर्तमानपत्राचं पान उलटत. गणपतीत विचारलं तर दिवाळीनंतर बघू, दिवाळीत विचारलं तर संक्रांतीनंतर बघू. ते गावातले, आपण सोसायटीतले, रीतीभाती वेगळ्या, घाई काय आहे, बघू. असं करता करता दोन वर्षं गेली. तिकडे तिच्या वडिलांचा पारा चढत चालला होता. त्यांना घरात सगळे दादा म्हणतात. दादांचं म्हणणं साधं होतं. ज्या बापाला मुलासाठी आमचा उंबरा चढायला दोन वर्षं लागतात, त्याच्या घरी माझी पोर काय म्हणून द्यायची? शेवटी जासईचं एक स्थळ आलं आणि दादांनी तिला निर्वाणीचं सांगितलं. येत्या रविवारी बारा वाजता मुलाचे आईवडील आले तर ठीक, नाहीतर सोमवारी मी जासईला होकार कळवतो.

मी आप्पांसमोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. आई तर स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. आप्पांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. गाडी काढतो."

रविवारी बाराला पोहोचायचं, तर आप्पांनी आम्हाला सव्वादहालाच गाडीत बसवलं. जुईनगर ते बोनकोडे, कितीही रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासाच्या वर लागत नाही. पण स्टेशनवर गाडीच्या आधी तासभर जाऊन बसणारी माणसं असतात ना, आप्पा त्यांचे पुढारी. अकराच्या आत आम्ही बोनकोड्यात, तिच्या घरापासून जेमतेम पन्नास पावलांवर. "एवढ्या लवकर लोकांच्या दारात जाणं बरं दिसत नाही," आप्पा म्हणाले आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून त्यांनी इंजिन बंद केलं. म्हणजे आता तासभर आम्ही तिघं त्या प्लॅस्टिकवर चिकटून बसणार होतो. आईच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. मी नवा आकाशी शर्ट घातलेला. आप्पा खिशातला कागद काढून ओठ हलवत वाचत होते. मुलगी मागायला काय बोलायचं ते त्यांनी दोन पानं भरून लिहून आणलं होतं, समास सोडून.

पाच मिनिटंही झाली नसतील, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरलेला टेम्पो येऊन उभा राहिला. "ओ काका, घ्या ना जरा पुडं!"

आप्पांनी चावी फिरवली. इंजिन एकदा घुरघुरलं आणि बोनेटखाली 'टप्' असा आवाज झाला, पोलक्याचा हूक तुटावा तेवढाच. मग सगळं शांत. आप्पांनी पुन्हा चावी फिरवली. आता स्टार्टर फिरत होता, पण फारच सहज. नेहमीसारखा जोर लावून गुरगुरत नव्हता. मिक्सरच्या भांड्यात काही न घालता बटण दाबावं तसा नुसताच भिरभिरत होता.

"पेट्रोल चढलं नसेल," आप्पा म्हणाले. पण त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ निघाला होता.

टेम्पोमागे रिक्षा, रिक्षेमागे दोन स्कूटर, सगळ्यांचे भोंगे एकदम सुरू. तेवढ्यात गल्लीच्या आतून गंजी आणि लुंगीतला एक दणकट माणूस बाहेर आला. अर्ध्या चेहऱ्याला दाढीचा साबण, अर्धा चेहरा गुळगुळीत, गळ्यात जाड सोन्याची साखळी, खांद्यावर टॉवेल.

"काय झाला? गारी बंद परली?"

गावातल्या जुन्या माणसांच्या बोलीत गाडीची गारी होते आणि 'कोण'चा 'कोन' होतो, हे मला तिच्यामुळे ठाऊक होतं. आप्पांना ते कळायला दोन क्षण लागले. "हो, पेट्रोल बहुधा..." ते म्हणेपर्यंत त्या गृहस्थाने गल्लीकडे तोंड करून हाळी दिली, "धक्का मारा रे!"

झालं! आपल्याकडे बंद पडलेली गाडी दिसली आणि तिला धक्का मारला नाही तर माणसाला जेवण गोड लागत नाही. काय बिघडलंय, कशाने बिघडलंय, हे नंतर. आधी धक्का. टेम्पोवाला उतरला, रिक्षावाला उतरला, समोरच्या ओट्यावर पत्ते खेळणारे चौघं पत्ते तसेच उपडे ठेवून आले. मी बाही सरसावून मागे गेलो. आप्पा स्टिअरिंगवर. आईला उतरायला सांगितलं तर ती म्हणाली, "मी नाही उतरणार, साडी नवी आहे," आणि पेढे घट्ट धरून बसली.

"दुसरा गेर टाका, मी बोलीन तवा क्लच सोरा!"

गाडी निघाली. गल्लीतून पार तळ्याकडच्या मोकळ्या जागेपर्यंत. "सोरा!" आप्पांनी क्लच सोडला. गाडीने उचकी दिली, आतून 'कट कट कट' असा आवाज आला.

"धरली! धरली!" सगळे ओरडले.

धरलं काहीच नव्हतं. पण आमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. उलट त्या आवाजाने सगळ्यांना चेव आला. गाडी वळवून पुन्हा वर, पुन्हा 'कट कट'. बायका गॅलऱ्यांत आल्या. कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं आणि वीस गळ्यांनी "मोरया" दिला. खोटं कशाला बोलू, मी भान विसरलो होतो. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, शर्टाची पाठ घामाने काळी, बुटात धूळ, आणि मला इतकी मजा येत होती की मी मोठमोठ्याने हसत होतो. आप्पांची ती झाकून ठेवलेली, जपलेली गाडी भर गावातून मिरवत चालली होती, आणि मागच्या काचेतून आई पेढ्यांसकट आम्हाला दिसत होती, एखादी देवी पालखीत बसावी तशी.

तिसऱ्या फेरीला तो अर्ध्या दाढीचा गृहस्थ माझ्या खांद्याला खांदा लावून ढकलत होता.

"जोर लाव रं. न्हारी केली नाय का?"

"केली," मी धापा टाकत म्हणालो.

"कोनाकरं आलाव?"

"त्या हिरव्या गेटच्या घरी," मी मानेनेच दाखवलं. "मुलगी मागायला."

त्याचे हात गाडीवरून सुटले. माझेही सुटले. बाकीच्यांच्या धक्क्याने गाडी आप्पा आणि आईला घेऊन पुढे निघून गेली, आणि रस्त्याच्या मधोमध आम्ही दोघंच एकमेकांकडे बघत उरलो. हे दादा होते. मी त्यांचा फोटो पाहिला होता, पण त्यात फेटा होता, कडक कोट होता, आणि मुख्य म्हणजे दोन्ही गाल होते.

"बाराला येनार होताव ना?"

"आमचे आप्पा जरा लवकर निघतात."

"जरा?" दादांनी गालावर हात फिरवला, हाताला साबण लागला, आणि ते ताडताड घराकडे चालू लागले. संपलं, जासई! मी वर पाहिलं, तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ती कठड्याला धरून हसत हसत खाली बसली होती. मोबाइल बघितला, तर तिचे सात मिस्ड कॉल आणि एक निरोप. 'अरे थांबवा, तुझ्या बाजूला दादा आहेत.'

नंतरचा पाऊण तास आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात बसलो. पंखा जोरात, पन्हं थंडगार आणि सगळे गप्प. दादा दाढी पूर्ण करून, इस्त्रीचे कपडे घालून समोर येऊन बसले आणि छताकडे बघू लागले. आप्पा खिशातला कागद चाचपत होते, पण तो बाहेर काढत नव्हते. कुणीतरी सुरुवात करावी म्हणून मी पन्ह्याची स्तुती केली. दादांनी नजर छतावरून पंख्यावर नेली.

बाराच्या ठोक्याला तिचे मामा आले. मामांचं कोपरखैरण्यात गाड्यांचं गॅरेज. पाहुणे बाराला येणार म्हणून तेही बाराला आले. आम्ही वेळेवर आलो असतो तर ते दारातच भेटले असते आणि पुढचा अनर्थ टळला असता. आमच्या सुदैवाने आम्ही वेळेवर आलो नव्हतो. त्यांनी बाहेरची गाडी पाहिली, विचारपूस केली, नवा शर्ट काढून खुंटीला लावला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोनेटमध्ये शिरले. आम्ही सगळे सभोवती. बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण काढल्यावर आतून काळ्या रबराच्या चिंध्या निघाल्या.

"टायमिंग बेल्ट," मामा म्हणाले. मग हळूच मान वर करून विचारलं, "धक्का मारला काय कुनी?"

वीस माणसं इकडेतिकडे बघू लागली. पत्तेवाले चौघं पाठमोरे होऊन ओट्याकडे निघाले.

"मंग खल्लास," मामा म्हणाले. "व्हॉल्व वाकले."

आईने विचारलं, म्हणजे काय हो? मामांनी दोन्ही मुठी एकमेकींसमोर धरल्या. "वयनी, दोघी बाया एका उखळात कांडतात का नाय? एकीचा मुसळ वर, तवा दुसरीचा खाली. आत हे वरचे व्हॉल्व न् खालचा पिस्टन, तसंच चालतंय. ताल धरनारा हा पट्टा. तो तुटला का मुसळावर मुसळ." त्यांनी मूठ मुठीवर आपटली. "चालू करताना तुटला, तवा एकादा वाकला असंल. पुडं तुमी गेरात टाकून ढकलत नेली ना, तवा बाकीचे गेले."

मला तो 'कट कट कट' आठवला. त्यावर आम्ही मोरया म्हटलं होतं. मला हसू फुटायला लागलं, मी ते खोकल्यात लपवलं. आईनेही पदर तोंडाला लावला.

दादांचा चेहरा मात्र पडला. "मी मारायला लावला धक्का," ते म्हणाले. "माजी चूक."

"छे छे, पट्टा आमचा," आप्पा म्हणाले.

"पन ढकलली आमी. पावना दारात आला न् आमी त्याची गारी मोरली!"

"अहो, पण क्लच मी सोडला!"

दोघंही इरेला पेटले. चूक दुसऱ्याला द्यायला कुणी तयार होईना. शेवटी आप्पांनी गाडीतून फाइल आणली. तीत प्रत्येक सर्व्हिसिंगचा कागद तारीखवार लावलेला. "हे बघा, पुस्तकात बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा ते लिहिलंय. आमची अजून त्याच्या निम्मीसुद्धा चाललेली नाही."

मामांनी पुस्तक घेतलं आणि त्याच ओळीवर पुढे बोट ठेवलं. "काका, 'किंवा' लिवलंय. एवढे किलोमीटर किंवा एवढी वर्सं. तुमी किलोमीटर बगितले, वर्सं नाय बगितली. रबर हाय ते. गारी चालो नायतर झाकून ठेवा, उभ्या उभ्या म्हातारं होतंय."

आप्पांनी चष्मा काढून ती ओळ वाचली. मग परत लावून वाचली. त्यांनी गाडीकडे पाहिलं, सीटवरच्या पिवळट पडलेल्या प्लॅस्टिककडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते काय बघताहेत ते मला समजलं होतं.

त्यांनी तो दोन पानांचा कागद काढला, घडी न उघडता फाइलीत ठेवला आणि दादांसमोर हात जोडले.

"दादा, गाडीचं केलं तेच मी मुलाचंही केलं. बघू बघू म्हणत राहिलो. आज बघू म्हणणार नाही. तुमची मुलगी आमच्या घरी द्या."

दादा आप्पांकडे बघत राहिले. आणि मग दादांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं, रडताहेत की काय. ते हसत होते.

"तुमाला खरं सांगू?" ते डोळे पुसत म्हणाले. "मी ठरवलेला, दोन वर्सं तुमी 'बगू' बोललाव, आज मी पन 'बगू' बोलनार. चा पाजून परत लावून देनार. सगल्या घराला सांगून ठेवलेला. पन आता गारी मोरली आमी. आता कोनच्या तोंडानं बगू बोलू?"

वर गॅलरीतून कुणीतरी किंचाळलं. तीच होती. पत्तेवाले चौघं धावत परत आले. आईने भर रस्त्यात पेढ्यांचा पुडा फोडला आणि पहिला पेढा, माझ्याआधी, दादांच्याही आधी, टेम्पोवाल्याच्या तोंडात कोंबला. मला इतका आनंद झाला की मी वंगणाने काळे झालेले मामांचे दोन्ही हात धरले, आणि त्या आकाशी शर्टावरचे ते दहा बोटांचे ठसे अजून गेलेले नाहीत. जाऊही नयेत.

दुसऱ्या दिवशी मामांच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. सोळापैकी बारा व्हॉल्व वाकले होते. मामांनी ते एका पिशवीत घालून आप्पांना दिले. काम महिनाभर चाललं, कारण एकेक भाग येईना. आप्पा रोज बसने गॅरेजला जाऊन बसायचे. रोज दादाही यायचे. दोघं दोन खुर्च्या टाकून उघड्या इंजिनासमोर चहा घ्यायचे आणि किती व्हॉल्व पट्ट्याने गेले आणि किती धक्क्याने, यावर तासन् तास वाद घालायचे. तो अजून मिटलेला नाही. आमच्या लग्नातही, अक्षता पडल्यावर मी दोघांच्या पाया पडलो तेव्हा ते त्याच मुद्द्यावर होते.

गाडी घरी आली त्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो. आप्पांनी ती पार्किंगमध्ये लावली. मी सवयीने राखाडी आच्छादन घेऊन खाली गेलो. बघतो तर चारही दारं सताड उघडी, आणि आप्पा वाकून, आईची भाजीची कात्री घेऊन, सीटवरचं प्लॅस्टिक कापत होते. खालचं कापड अगदी कोरं होतं, नव्या वासाचं. मी आच्छादन खाली टाकलं आणि दुसऱ्या बाजूने ओढायला लागलो.

आता त्या सीटवर सुकटीचा वास आहे, उसाच्या रसाचे डाग आहेत आणि मागे एका कोपऱ्यात रंगीत खडूचे फराटे आहेत. गेल्या रविवारी पाम बीच रोडवर माझी तीन वर्षांची मुलगी खाल्लेलं सगळं तिथे ओकली. मी घाईघाईने पुसायला कापड शोधू लागलो आणि तोंडातून निघालं, "आप्पा, सॉरी, घरी गेल्यावर बघू..."

"बघू नाही," आप्पा म्हणाले. त्यांनी गाडी बाजूला घेतली, नातीला उचलून कडेवर घेतलं आणि आपल्या धुवट सदऱ्याने तिचं तोंड पुसलं.